शिट्टी वाजेपर्यंत

"मी असा पडेन, की मढ्यालासुद्धा माझ्याकडे शिकवणी लावावीशी वाटेल!" शिंप्यानं जाहीर केलं. तेव्हा त्याचा टेप एका गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती होता. गिऱ्हाइकानं श्वास रोखला तो रोखलाच.

फुशारकीला कारण होतं. तरुण पोरापोरींसाठी एक साहस-सेवा पुरस्कार असतो, त्यासाठी त्याची लेक वर्षभर राबत होती. दवाखान्यात म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवले, पाठीवर बोजा घेऊन तीन दिवस डोंगर तुडवले. उरली एकच परीक्षा. जंगलात पडलेला खोटा जखमी दोन तासांत शोधायचा आणि त्याच्यावर उपचार करायचे. गेल्या वर्षी जखमीच्या पायाचा लाल रंग बघून पोरगी त्याच्याच अंगावर कोसळली! जखमीनं तिला उचलून आणलं.

"रक्त बघून पडणाऱ्यांनी घरी बसून भरतकाम करावं," परीक्षक म्हणाले होते. सहा फुटी माणूस, झुपकेदार मिशा, गळ्यात शिट्टी. ते वाक्य शिंप्याच्या काळजात सुईसारखं मोडून बसलं होतं. यंदाची शेवटची संधी. पुढच्या वर्षी पोरगी वयात बसत नव्हती. म्हणून ठरलेला जखमी ऐनवेळी तापानं आडवा झाला, तेव्हा शिंपी लेकीला न सांगता पुढे सरसावला.

"डावा पाय मोडलाय आणि तुम्ही बेशुद्ध," परीक्षकांनी बजावलं. "शिट्टी वाजेपर्यंत एक शब्द जरी बोललात, तरी परीक्षा रद्द!"

गळ्यात तसं लिहिलेलं कार्ड अडकवून, डाव्या पायाला लाल रंग फासून शिंपी झाडाखाली पडला. पण अंगात खास आजसाठी शिवलेले शर्ट-पॅन्ट! कार्डाच्या दोरीनं कॉलर चुरगळायला लागली. शिंपीच तो! त्यानं कार्ड काढून खिशात घातलं.

इथंच घात झाला.

"अगं बाई! मेला की काय हा!"

फिरायला आलेल्या एका बाईनं फोन फिरवला आणि दहा मिनिटांत अँब्युलन्स हजर! काय तयारी केलीय परीक्षेची, शिंप्याला मनातून कौतुक वाटलं. त्याला उचललं, स्ट्रेचरवर बांधलं, गाडी सुटली. तरी हूं नाही की चूं नाही. मग अँब्युलन्सवाल्यानं कात्री काढली आणि डावी पॅन्ट गुडघ्याखाली करकरा आडवी कापली.

"अरे उसव!" बेशुद्ध माणूस ताडकन उठून ओरडला. "कापतोस काय, शिवण उसव!"

अँब्युलन्सवाल्याच्या हातून कात्री पडली. ड्रायव्हरनं गचकन ब्रेक मारला. मग दोघांनी मिळून शिंप्याला जे काही सुनावलं, ते छापण्यासारखं नाही. भर रस्त्यात उतरवलं त्याला.

शिंपी एका पायात अर्धी, एका पायात पूर्ण पॅन्ट घालून जंगलाकडे पळत सुटला. वेळ संपत आलेली. झाड दिसलं, पोरींचे आवाज ऐकू आले, त्यानं कार्ड गळ्यात घालत उडी मारली आणि उजवा पाय खड्ड्यात गेला. कडाक्!

"बाबा? तुम्ही?" लेक पहिली पोचली. मागून तिच्या गटातल्या दोन मैत्रिणी आणि परीक्षक.

शिंप्याच्या डोळ्यांतून धारा, पण ओठ घट्ट मिटलेले.

"वा! काय अभिनय!" परीक्षक खूश. मैत्रिणींनी कार्ड वाचून डाव्या पायाला फळ्या लावायला घेतल्या.

लेक मात्र उजव्या पायाकडे बघत राहिली. पाऊल भलतीकडेच वळलं होतं.

"थांबा! उजवा मोडलाय. खराखुरा!"

"कार्डावर डावा आहे," परीक्षक गुरगुरले. "कार्डाप्रमाणे करायचं. नाहीतर नापास!"

"करा नापास! कार्ड खोटं आहे, बाप खरा आहे माझा!"

तिनं पॅन्ट जरा वर सरकवली. नडगीवरून रक्ताचा ओघळ. परीक्षकांनी वाकून पाहिलं, मिशा थरथरल्या, आणि सहा फूट देह धाडकन आडवा!

पोरगी पांढरीफटक पडली. पण पडली नाही. "तू फोन कर. तू सरांचे पाय वर उचलून धर," असं मैत्रिणींना सांगत तिनं ओढणीनं रक्त दाबलं, पायाला फळ्या बांधल्या. गाठी एकदम पक्क्या. बापाकडूनच शिकलेल्या!

अँब्युलन्स तीच आली. माणूसही तोच.

"परत तुम्हीच?"

शिंपी गप्प. शिट्टी कुठं वाजली होती? कात्री उजव्या पॅन्टवर करकरा चालली. त्यानं डोळे मिटले, दात आवळले.

दवाखान्याच्या वाटेवर समोरच्या बाकावर परीक्षक शुद्धीवर आले. पोरीनं बांधलेला पाय त्यांनी बराच वेळ न्याहाळला, रक्त टाळून. मग तिची पुरस्काराची वही मागितली, 'उत्तीर्ण' लिहून सही ठोकली आणि खालमानेनं शिट्टी फुंकली.

पोरीनं रडत बापाचा हात धरला. "बाबा, आता बोला ना काहीतरी!"

शिंप्यानं डोळे उघडले, दोन्ही पायांकडे बघितलं.

"मेल्या," तो अँब्युलन्सवाल्यावर खेकसला, "उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं आखूड कापलास!"