सुर्व्यांचं 'उठूया'

शोरूममध्ये गाडी बघायला जाताना सुर्वे घरचा चहा थर्मासमध्ये भरून नेतात. सेल्समनने कॉफी विचारली, की पिशवीतून थर्मास काढून टेबलावर ठेवतात. "ज्याचा चहा प्यायला, त्याच्याशी भांडता येत नाही," हे त्यांचं तत्त्व.

सुर्वे आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. एकटेच. एका कारखान्याच्या खरेदी खात्यातून निवृत्त झाले, पण खरेदी काही सुटली नाही. त्यांच्याकडे गाडी नाही, लायसन्स नाही. तरी आवारात उभ्या असलेल्या निम्म्याअधिक गाड्यांचा भाव त्यांनीच पाडलेला आहे. हल्ली त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि त्याला मीही जबाबदार आहे. वय झालं माझं. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

गाडी घ्यायचं मनात आहे, असं मी जिन्यात सहज बोललो. संध्याकाळी सुर्वे दारात.

"मोरे, महिनाअखेरीला जायचं. त्यांना टार्गेट पूर्ण करायचं असतं. तेवढे दोन-तीन दिवस ते माणसात असतात."

मग आमच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. सुर्वे स्वतः सेल्समन झाले आणि मला हिंदीतून गाडी विकू लागले. मी दोनदा घेऊनसुद्धा टाकली.

"मोरे, तुम्ही गिऱ्हाईक आहात की जावई? गाडीकडे प्रेमाने बघायचं नाही. बघायचंच झालं तर टायरकडे बघायचं. आणि वहिनी, रंग आवडला तरी चेहरा कारलं खाल्ल्यासारखा ठेवायचा."

"आवडली नाही तर घ्यायची कशाला, भाऊजी?" आमची मालती म्हणाली.

"ते घरी आल्यावर आवडायचं."

पण खरं शस्त्र पुढेच होतं. 'उठूया.' बोलणं अडलं की सुर्वे शांतपणे चष्मा केसमध्ये ठेवणार, थर्मासचं झाकण फिरवणार आणि म्हणणार, "चला, उठूया." त्याबरोबर सगळ्यांनी एकदम उठायचं. दारापर्यंत चालत जायचं. मागे वळून बघायचं नाही. "एक माणूस जरी बसून राहिला, तरी त्यांना कळतं की ह्यांना गाडी हवीय. पहिल्या उठण्याला डिस्काउंट सुटतो, दुसऱ्याला इन्शुरन्सचा आकडा उतरतो. खरा माल तिसऱ्या उठण्यात आहे. म्हणून तर मेले सोफे इतके खोल ठेवतात. गिऱ्हाईक रुतून बसावं म्हणून."

आम्ही घरी पुष्कळ सराव केला. मालती दुखऱ्या गुडघ्यांमुळे जेवणाच्या टेबलाच्या उंच खुर्चीवर बसायची, त्यामुळे तीही झटक्यात उठायची. सुर्वे खूश.

ठरलेल्या दिवशी हायवेवरच्या शोरूममध्ये पोचलो. आत शिरल्या शिरल्या मालती लाल गाडी बघून म्हणाली, "अगं बाई, किती गोड!" सुर्व्यांनी डोळे मिटले. "वहिनी, ह्या एका वाक्याचे पाच हजार लागणार."

मग सोफे. सेल्समन गोड हसत म्हणाला, "अंकल, ये बेस्ट प्राइस है."

"बेस्ट है तो संभालके रखो. हमको उसके नीचेवाला दिखाव."

"अंकल, इसमें मेरा कुछ नहीं बचता."

"अरे, गाडी कंपनी की, तेरा क्या बचनेवाला है?"

पहिलं 'उठूया' झालं. दारापाशी जाईपर्यंत मॅनेजर धावत आला. डिस्काउंट सुटला. दुसरं 'उठूया' झालं, इन्शुरन्स उतरला. मला तर चेवच आला. आता सीट कव्हर्स आणि शोरूमवाले वर लावतात ते हँडलिंगचे पैसे राहिले होते. सुर्व्यांनी चष्मा ठेवला, झाकण फिरवलं. "चला, उठूया." मी ताडकन उठलो, थेट काचेच्या दारापाशी गेलो आणि शिकवल्याप्रमाणे मागे बघितलं नाही. पाठीमागून सुर्व्यांचा आवाज आला.

"बसा, वहिनी, बसा. झालं. मोरे, या, सही करा."

मी परत येऊन बघतो तर सुर्वे मॅनेजरशी हात मिळवत होते. आम्हाला फक्त पायाखालच्या मॅट मिळाल्या. रबरी.

तिसऱ्या मजल्यावरच्या मेहतांनी सुर्व्यांना नेऊन हीच गाडी दोन महिने आधी घेतली होती. सीट कव्हर्ससकट. आमचा भाव ऐकून मेहता म्हणाले, "मोरेभाई, सुर्वेने शोरूमकडून कमिशन खाल्लं असणार." मी म्हणालो, "असेल बुवा."

एवढंच म्हणालो. पण सोसायटीत तेवढं पुरतं. मोऱ्यांनीच कबूल केलं, असं झालं. त्यानंतर चौघांनी गाड्या घेतल्या, सुर्व्यांना कुणी बोलावलं नाही. महिनाअखेरीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे असायचे.

दिवाळीच्या आधी गाडी पुसताना मी सीट कव्हर्सवरून कुरकुरलो. मालती ओरडली, "गप्प बसा! तिसऱ्यांदा मला त्या सोफ्यातून उठताच येईना. दोन्ही हात टेकले तरी येईना. तुम्ही आपले दाराकडे तोंड करून उभे! भाऊजींनी बघितलं, आणि मुकाट्याने सौदा आटपला. त्या सेल्समनसमोर माझ्या गुडघ्यांचा विषय काढला नाही त्यांनी."

मी तसाच मेहतांकडे गेलो आणि सांगितलं. मग तळमजल्यावर. "सुर्वे, चला, गाडीतून उत्तनला समुद्रावर जाऊ."

"मी कशाला? घरच्यांना न्या." मग म्हणाले, "गाडी आली की घरच्यांनीच भरते हो. शोरूममधून मी रिक्षाने येतो नेहमी."

तेव्हा लक्षात आलं. इतक्या गाड्या त्यांनी मिळवून दिल्या, आणि एकीतही ते कधी बसलेले नव्हते. माझ्याही नाही.

ते आले, थर्मास घेऊन. बसण्याआधी सवयीने टायरकडे बघितलं. चौक गावाच्या अलीकडे समुद्र दिसतो तिथे मी गाडी लावली. मालती पुढे, सुर्वे मागे.

"सुर्वे, मी तुमच्याबद्दल..."

"चहा घ्या आधी." त्यांनी झाकणात चहा ओतून पुढे केला. मी प्यायलो.

मासे वाळवायच्या बांबूंच्या मांडवांपाशी बायका आवराआवर करत होत्या. अंधारून आलं. मी सवयीने म्हणालो, "चला, उठूया आता?"

मागे सुर्वे सीटला पाठ टेकून बसले होते.

"बसू की जरा, मोरे," ते म्हणाले. "घाई काय आहे?"