जनूशेठची बिस्ट्रोतली बैठक

पावाची टोपली टेबलावर आली की जनूशेठ घरत स्वतःची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरतो. विमानात पहिल्यांदाच बसलेला माणूस धरतो तशी. टोपली ठेवून वेटर पाठमोरा झाला की शेठचा उजवा हात सुटतो. डावा सुटायला आणखी पाच मिनिटं लागतात. मधल्या काळात त्याच्या कपाळावर जो घाम येतो, त्यावर एखादं छोटं मिठागर आरामात चाललं असतं.

ही टोपली म्हणजे आपल्या वडापाववाल्याची नव्हे. ती फ्रेंच बिस्ट्रोतली. हो, पनवेलमध्ये फ्रेंच बिस्ट्रो आहे. पळस्प्याच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर. त्याचं नाव उच्चारू शकणारा माणूस तालुक्यात अजून जन्मायचा आहे, म्हणून सगळे नुसतं 'बिस्ट्रो' म्हणतात. खाली ट्रकचं चाक निघतं, वर कांद्याचं सूप येतं, आणि दोन्हींचा वास जिन्यात एकमेकांना भेटतो. शेठच्या मते हा वास खुद्द पॅरिसला मिळत नाही. मलाही तसंच वाटतं.

शेठ मूळचा शेतकरी. बापजाद्यांची भातखाचरं आणि मिठागरं गेली, त्या जागी शेठच्या चार इमारती आल्या. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर मी राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. नेमकं हेच माझ्या अंगाशी आलं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी शेठ दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी भूगोल शिकवता म्हंजे फ्रान्स तुमाला ठाऊक असंल. चला जेवाया."

मी फ्रान्स नकाशात दाखवतो. ताटात दाखवायची वेळ आली नव्हती.

त्या दिवसापासून मी शेठचा बिस्ट्रोतला जोडीदार झालो. नियम एकच होता. तीन तास उठायचं नाही. हात धुवायला नाही, फोन घ्यायला नाही, खाली कोणी आपली गाडी फोडत असला तरी नाही. "बिस्ट्रोत पोट नाय, बूड मजबूत लागतं," असं शेठचं तत्त्वज्ञान. मी चुळबुळ केली की तो घड्याळाकडे न बघता विचारी, "घाई कोणाला हाय?" मला असे. पण ते सांगायची सोय नव्हती. घरमालक समोर बसला होता.

पहिल्या दिवशी आम्ही सूप मागवलं तेव्हा समोरच्या उड्डाणपुलाचे नुसते खांब होते. सूप आलं तेव्हा पुलावरून वाहनं जात होती आणि पहिला खड्डाही पडला होता. यात कोणाला अतिशयोक्ती वाटली तर त्याने तिथे जाऊन सूप मागवावं.

पनवेलची बैठक पक्की झाल्यावर शेठने दौरे काढले. पुण्याच्या बिस्ट्रोत खुर्च्या इतक्या नाजूक होत्या की शेठ बसल्यावर व्यवस्थापक तीन तास डोळे मिटून उभा होता. गोव्यात आम्हाला लसूण-लोण्यातल्या गोगलगाई वाढल्या. शेठने त्या मोजल्या, सहा भरल्या. "मास्तर, पावसात आमच्या कुंपणावर यापेक्षा जास्त चिकटतात. तवा आमी मीठ टाकून हाकलतो. यांनी लोणी टाकून बोलावल्या." आणि सहाच्या सहा खाल्ल्या.

पाँडिचेरीत बर्फावर मांडलेली कच्ची कालवं आली. वेटरने ती खायची कशी यावर एक छोटं व्याख्यान दिलं. शेठने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, की उरणच्या खाडीवर आमची आत्या दगडावर उकिडवी बसून हेच खाते, फक्त तिला मेणबत्ती लागत नाही. वेटरला मराठी कळत नव्हतं. त्याने आदराने मान झुकवली.

त्याच पाँडिचेरीत मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं जेवत होतं. त्यांचा पाव संपला. शेठचं लक्ष गेलं. हा पावणेदोन तासांचा पुतळा एकदम अर्धा उठला, हात आमच्या टोपलीकडे गेला, आणि मग कोणीतरी खांद्यावर दाबल्यासारखा धपकन खाली बसला. मी मनात मूळव्याधीपासून नवसापर्यंत सगळी कारणं तपासली. एकही बसेना.

खरं कारण वहिनींनी सांगितलं. म्हणजे शेठच्या बायकोने. भाडं मागायला नव्हे, तर डब्यात चिंबोरीचं कालवण घेऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या आणि मी शेठच्या फ्रेंच थाटाची थट्टा करत होतो. त्यांनी ती पुरी होऊ दिली.

"थाट कसला, मास्तर," त्या म्हणाल्या. "शिक्षा हाय ती. सोताच सोताला दिलेली."

शेठची एकुलती एक मुलगी वैशू फ्रान्समध्ये लिऑनला शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. लग्न तिथल्या नगरपालिकेत झालं. सह्या करायला जितका वेळ लागतो तितकंच. आता, शेठच्या गावात मुलीच्या लग्नाला जेवायला किती माणसं होती हे कोणी विचारत नाही, किती गावं होती ते विचारतात. इथे अकरा माणसं. एका बिस्ट्रोत, एका लांब टेबलाभोवती. शेठला वाटलं, ठीक आहे, पंगत छोटी आहे, पण पंगत आहे. आणि मुलीचा बाप पंगतीला बसत नाही. व्याही मंडळी जेवून उठेपर्यंत तो तोंडात घास घालत नाही. वाढतो, आग्रह करतो, पुन्हा वाढतो.

म्हणून शेठ उभा राहिला. वाढायला हाताशी दुसरं काही सापडेना, तेव्हा त्याने पावाची टोपली उचलली.

तीन तास. व्याही पोस्टातून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ. वाढलेलं टाकू नये एवढी सभ्यता त्यांच्यात होती आणि त्यांचं ताट रिकामं राहू देऊ नये एवढी शेठमध्ये. वहिनींच्या हिशेबाने त्या माणसाने त्या दिवशी महिन्याचा पाव खाल्ला. पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईने शेठला नोकर समजून पाणी मागितलं. शेठने तेही दिलं. वर पाव वाढला.

शेवटी वैशूच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "बाबा, बसा ना हो," ती हळूच म्हणाली. "सगळे बघतायत. मला लाज वाटते."

"तवा बसले," वहिनी म्हणाल्या. "पन जेवले नाय. हॉटेलच्या खोलीत येऊन माझ्या पिशवीतली चकली खाल्ली. तवापासून बसायला शिकतायत."

मी चिंबोरीचा डबा तसाच हातात धरून उभा राहिलो.

गेल्या डिसेंबरात वैशू आणि जावयाबरोबर व्याही-विहीण पहिल्यांदाच भारतात आले. वैशूने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, की बाबा, या वेळी आमच्या बरोबर बसून जेवायचं. वहिनींना वाटत होतं, घरीच करू. भाकरी, कालवण, वडे. शेठने साफ नकार दिला.

"घरात माझे पाय ऐकायचे नाय," तो म्हणाला. "बिस्ट्रोतच जाऊ. तिथं सवय केलीय."

म्हणून रविवारी दुपारी टायरच्या दुकानावर आम्ही सात जण बसलो. सरावातला जोडीदार म्हणून मला शेठच्या बरोबर समोर बसवलं होतं. मी हललो तर तो हलेल, अशी भीती असावी. पाव आला. शेठने खुर्ची धरली. मीही नकळत माझी धरली. वेटर गेला. व्याह्यांचं ताट समोर रिकामं, टोपली हाताच्या अंतरावर. शेठच्या मानेची शीर फुगली, पण बूड हललं नाही. दोन वर्षांत मी त्या माणसाला इतका अवघडलेला आणि इतका यशस्वी कधी पाहिला नव्हता.

मग व्याही वैशूशी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलले. ती दचकली. एकदा वडिलांकडे, एकदा पावाकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "हे विचारतायत, मुलाचा बाप उभा राहिला तर तुमच्यात चालतं का?"

शेठला काही कळेना. वैशू त्याच्याकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही जेवलाच नव्हता, ते मी नंतर यांना सांगितलं. का उभे होता, तेही. मलाही तोवर… म्हणजे मलाही ते तेव्हा कळलं नव्हतं."

एव्हाना व्याही उठले होते. उंच, किंचित वाकलेला म्हातारा. पत्रांची पिशवी धरावी तशी काखेत टोपली धरून ते टेबलाला वळसा घालून आले आणि शेठच्या ताटात पावाचा एक तुकडा ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. वेटर धावत आला. वहिनींनी त्याला नुसत्या बोटाने जागच्या जागी उभं केलं.

चौथ्या तुकड्याला शेठचे दोन्ही हात एकदम सुटले आणि ताटावर आडवे झाले. पंगतीत पाहुणा करतो तसे. पुरे, पुरे.

व्याही थांबले. गोंधळून वैशूकडे बघू लागले. ती हसली, डोळे पुसले आणि फ्रेंचमध्ये दोनच शब्द बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण भूगोलाच्या मास्तरालाही अर्थ लागला. कारण त्या म्हाताऱ्याने शेठचं मनगट धरून हलकेच बाजूला केलं आणि चौथा तुकडा वाढला.

शेठने चारही खाल्ले. सावकाश, खाली मान घालून. सूप गार झालं, खाली एका ट्रकची चारही चाकं बदलून झाली. टोपली तशीच धरून व्याही त्याच्या खुर्चीमागे उभे होते. घाई कोणाला नव्हती.