प्रतिभाताईंचे 'हे'

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या प्रतिभाताई पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "ह्यांना हॉलंडची हवा काही मानवली नाही."

"मग पुण्याला परत गेले का?" मी विचारलं.

"इंग्लंडला. राजा बदलल्यावर."

'हे' म्हणजे सतराव्या शतकातला एक इंग्रज जमीनदार. पार्लमेंटात बसायचा, राजाशी भांडला आणि जीव वाचवायला इकडे हॉलंडला पळून आला. प्रतिभाताई विद्यापीठात त्याच्यावर संशोधन करतात. पण नाव घेतील तर शपथ.

बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या इथल्या वस्तीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे सुटका नाही. ऑफिसातून दमून यावं, तर लिफ्टमध्ये ह्यांची कुळांशी भांडणं. मुलाच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी ह्यांचं पार्लमेंटातलं भाषण. एकदा मी त्यांना खोकल्यासाठी डॉक्टरकडे नेलं. तिथंही त्यांनी ह्यांचाच खोकला इतक्या काळजीनं सांगितला, की डॉक्टर म्हणाला, "त्यांनाही घेऊन या." खरं काय ते त्याला मी समजावलं.

मग पुण्याहून सासूबाई आल्या.

"ह्यांनी तीनदा पक्ष बदलला," प्रतिभाताई चहा पिताना म्हणाल्या.

"आमदार आहेत का?"

"खासदार होते."

"मग चालायचंच," म्हणून सासूबाईंनी लाडू पुढे केला.

प्रतिभाताई गेल्यावर मी सासूबाईंना सगळा उलगडा करून सांगितला. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. "असेना का जुना. बाई घरी येते, चार शब्द बोलते. तुझ्यासारखी फोनमध्ये डोकं घालून बसत नाही."

पुढे रोजच मैफल. ह्यांची जमीन जप्त झाली, बायको तिकडे एकटी राहिली, सगळं सासूबाईंनी चवीनं ऐकलं. मी आतल्या खोलीत दार लावून मीटिंगा करत होते.

परत जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी प्रतिभाताईंना हळदीकुंकवाला बोलावलं. करंडा उघडला, तशा प्रतिभाताई मागे सरकल्या.

"मला नको. आमचे हे..."

मी उसासा टाकला. आता परत इंग्लंडचा राजा येणार.

"...इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गेले," त्या म्हणाल्या. "माझे हे. आमचे."

इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलंच नव्हतं.

"तोंडाला सवय असते हो," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "कुणाबद्दल तरी बोलायची."

सासूबाईंनी करंडा मिटला नाही. "इकडे बघा," म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

प्रतिभाताई परत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना सायकल कधी जमलीच नाही."

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली. मी चहा टाकायला उठले.