निळ्या माशाचा उडालेला रंग

एकतीस वर्षं विम्याचे खोटे दावे पकडण्यात घालवलेल्या एल्रॉय हॉगनला आजवर कोणी फसवलं नव्हतं. (निदान त्याला कळेल असं तरी नाही.) त्यामुळे निवृत्तीनंतर, अमेरिकेतल्या डुलूथच्या न संपणाऱ्या हिवाळ्यात, घरी एखादा रंगीत मासा पाळायचं ठरलं तेव्हा तो दुकानात भिंग घेऊन गेला.

"हा लाल जरा जास्तच लाल आहे," तो म्हणाला. "आणि हा पिवळा नजर चुकवतोय."

"मासा आहे हो काका तो," दुकानवाली वर्ना म्हणाली.

तासाभराने त्याने एक गर्द निळा मासा निवडला.

"रंग पक्का ना?"

"पँट घेताय का काका?"

टाकी त्याच्या खुर्चीसमोर बसली. खुर्चीच्या वर, भिंतीवर, बायकोने, मार्लिसने, गोठलेल्या तळ्यात भोक पाडून पकडलेला हातभर लांब पाईक मासा पेंढा भरून आ वासून टांगलेला होता. (पाहुण्यांना एल्रॉय 'आम्ही पकडला' असं सांगे.)

तिसऱ्या दिवशी निळा मासा राखाडी झाला.

"रंगवलेला होता, मार्लिस! मला गंडवलं! मला!"

"पाण्यात रुमाल बुडवून बघ ना."

"बघितला. पांढराच निघाला. म्हणजे बाई किती मुरलेली असेल!"

तो तडक दुकानात गेला. वर्नाने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, ही जातच तशी. समोर दांडगा नर दिसला की भीतीने रंग उतरतो. टाकीत दुसरा कोणी?"

"एकटाच आहे."

"मग समोर दिवसभर कोण असतं?"

"मी," एल्रॉय म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन नकळत ताठ झाला.

घरी तो शीळ घालत परतला. मासा गर्द निळा!

"बघ! मी तासभर नव्हतो तर कसा फुललाय. या घरात मोठा कोण, हे एकाला तरी कळतं."

तो खुर्चीत बसला. डोळे वटारले. खाकरला. मासा पंख पसरून काचेपाशी आला, आणखीच निळा झाला.

"ती वर्ना खोटारडी आहे!" म्हणत तो उठला, आणि त्याची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर गेली.

"पाईक कुठाय?"

"धूळ पुसायला काढला होता." मार्लिसने आतून येऊन पाईक खिळ्याला अडकवला. निळा मासा सर्रकन दगडामागे गेला आणि बघता बघता राखाडी झाला.

एल्रॉयने एकदा पाईककडे, एकदा दगडाकडे पाहिलं. मग मार्लिसने पाईक उतरवून काखेत मारला.

"हा मी माझ्या शिवणाच्या खोलीत लावते," ती मायेने म्हणाली. "तू बस निवांत इथे. तुझा त्याला काही त्रास नाही."