तायडे आबांचं सहावं मृत्युपत्र

तायडे आबा आपलं मृत्युपत्र स्वतःच्या हयातीत घरच्यांना वाचून दाखवत. म्हणजे वाचायचो मी, ते ऐकायचे. रविवारी मुलगा-सून आणि मुलगी-जावई यांना भुसावळच्या घरी बोलवायचं, भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाऊ घालायची, आणि सगळे सुस्तावले की मला खूण करायची. मी काळा कोट सावरून उठायचो आणि आबांच्या पश्चात कोणाला काय मिळणार, ते आबांच्याच समोर खणखणीत आवाजात सांगायचो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मी त्यांना पहिल्याच वेळी समजावलं होतं. ते म्हणाले, "मी गेल्यावर यांची तोंडं मला कशी दिसतील?" यावर काय बोलावं हे लॉ कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी जळगावच्या कोर्टात नवा वकील होतो. नवा म्हणजे चार वर्षं नवाच. कोर्टासमोरच्या एका जिन्याखाली माझं टेबल होतं आणि कायद्याचं जाडजूड पुस्तक मी मुख्यतः कागद उडू नयेत म्हणून वापरायचो. आबा रेल्वेतले निवृत्त गार्ड. पॅसेंजरने यायचे, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, हातात कापडी पिशवी. एवढे वकील सोडून माझ्याकडे का, असं मी एकदा जरा फुशारकीनेच विचारलं. तुमच्याकडे गर्दी नसते, असं त्यांनी सांगितलं.

पहिल्या मृत्युपत्रासाठी मी माझ्या सीनियरांचा जुना मसुदा जसाच्या तसा उतरवला होता. सुरुवातच 'ईश्वराला स्मरून' अशी. आबांनी ते खोडायला लावलं. आम्ही बुद्धाची माणसं, पहिल्याच ओळीत खोटं नको, म्हणाले. 'मी पूर्ण शुद्धीवर असून' यावर, शंका कोणी घेतली, अशी चौकशी केली. 'स्थावर व जंगम मिळकत' तर त्यांना मुळीच पटलं नाही. प्रत्येक वस्तू नावाने लिहायची: सायकल, ठोक्याचं घड्याळ, पितळी बंब. आणि वस्तू जो वापरेल त्यालाच जायची.

इथेच घोळ होता. सायकल मुलाला लिहिली, तर त्याने लूना घेतली. झालं, आबा जळगावला हजर. नव्या कागदात सायकल त्यांच्या गल्लीतल्या पोस्टमनला. मुलगी कुसुम जामनेरला शिक्षिका होती. घड्याळाच्या ठोक्यांनी झोपमोड होते, असं ती सहज बोलून गेली, आणि मृत्युपत्र बदललं. बंब तर दोन घरांमध्ये इतक्या वेळा फिरला की मसुद्यात त्याची जागा मी रिकामीच ठेवू लागलो. माझी बायको नातेवाइकांत सांगायची की आमचे हे मृत्युपत्रांचे तज्ज्ञ आहेत. खरं होतं. पाच मृत्युपत्रं, पक्षकार एक, आणि त्याची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत.

पाचव्या वाचनाच्या दिवशी कुसुमने मधेच विचारलं, आईच्या लुगड्याचं काय लिहिलंय? आबा उठून अंगणात गेले.

कुसुमनेच मला सांगितलं. तिची आई दवाखान्यात वारली तेव्हा आबा मालगाडीवर होते. ते परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. वॉर्डातल्या आयाने एवढाच निरोप दिला, "पेटीतलं कोरं लुगडं बाईले द्या, म्हनत होत्या." पेटीत खरोखरच एक कोरं लुगडं निघालं. पण बाई कोण? आबांनी नात्यातल्या बायकांना विचारलं. चौघींनी, ते आपलंच, असं ठामपणे सांगितलं. आबांनी एकीलाही दिलं नाही. त्या आयाला मात्र ते पुन्हा कधी भेटले नाहीत. तिच्या घरावरून जायचं असलं की वळसा घालून जात.

सहाव्या मृत्युपत्राच्या वेळी आमचा एक नेहमीचा साक्षीदार बदलीवर गेला. दुसरा कोण आणायचा, असं मी विचारलं. आबा बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, देवकाबाईकडे जाऊ. देवकाबाई म्हणजे तीच आया.

म्हातारी पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होती. तिने चहा ठेवला. मी मसुदा वाचला. लुगड्याचं कलम आलं: 'ज्या बाईसाठी ठेवले तिचा शोध घेऊन तिला द्यावे.' हे कलम कायद्यात टिकत नाही, असं मी आबांना दहादा सांगितलं होतं. कोर्टात उलटतपासणीची संधी मला कधी मिळालीच नव्हती, ती हौस इथे फेडून घ्यावी म्हणून मी देवकाबाईंना दरडावलं, की नेमके शब्द सांगा, जसेच्या तसे.

तिने पदराने हात पुसले. म्हणाली, "'ते लुगडं तू घेजो, बाई.' अशा म्हनल्या."

वॉर्डात सगळे तिला बाईच म्हणत.

इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ती आबांकडे पाहून म्हणाली, "तुमचं मानूस गेलेलं. मी लुगडं मांगू?"

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "मग बाईंना साक्षीदार होता येणार नाही. ज्याला वस्तू मिळते त्याची साक्ष आम्ही घेत नाही."

माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. आबा पुढे वाकले होते. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

देवकाबाई आठवू लागली. खिडकी लावू नको म्हणाल्या. गाडी वाजली की दर वेळी मान वळवायच्या. आणि विचारत होत्या, यांची गाडी खंडव्याले पोचली का, जेवले असतील का.

"जेवलो होतो," आबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सांग तिला, जेवलो होतो."

देवकाबाईने मान डोलावली. मी पेनाला टोपण लावलं.