दोनशे वॅटचे अध्यक्ष

एका जंगलात, बाळांनो, वीज आली होती. अक्कल यायची होती. तिची फाइल वर अडकली होती.

त्या जंगलात बल्ब अंधार पाहून लावत नसत, मान पाहून लावत. सशाला पंधरा वॅट, हरणाला चाळीस, तरसाला साठ. बिबट्या पंचायतीचा अध्यक्ष होता, तेव्हा त्याला शंभर. कुणाकडे कितीचा बल्ब आहे, यावरून सोयरिकी जुळत आणि मोडत.

नदीकाठच्या बाभळीवर राधक्का नावाची सुगरण राहायची. ती दिव्यांसाठी गवताच्या शेड विणायची. प्रत्येक शेडमध्ये चिठ्ठी लावायची : ‘चाळीस वॅटपर्यंतच.’ गवत किती ताप सोसतं, हे तिच्या चोचीला ठाऊक होतं.

यंदा अण्णासाहेब अस्वल अध्यक्ष झाले. पंचायत बाभळीखाली भरायची. तिथे राधक्काची मोठी शेड टांगली गेली. राधक्का हरखली. तेवढ्यात जंगलाचा वायरमन, बंडोबा माकड, काखेत भला थोरला बल्ब घेऊन आला.

“केवढ्याचा रे हा?”

“दोनशेचा, अक्का. बिबट्याला शंभर होता. अण्णासाहेब त्याच्याइतकाच लावतील होय?”

राधक्काने वर पाहिलं. शेडच्या बरोबर वर तिचं घरटं लोंबत होतं. आत तीन पिलं. पंख फुटले होते, पण उडायला अजून आठवडा होता.

ती तडक अस्वलापुढे गेली. “अण्णासाहेब, शेड पेटेल. वर माझी लेकरं आहेत.”

“अहो, सगळं जंगलच आमचं लेकरू!”

“मग एलईडी लावा. नऊ वॅटचा. उजेड तरसाच्या साठाएवढा, आणि ताप नावाला.”

अस्वलाचे केस ताठ उभे राहिले. “नऊ? सशाला पंधरा आणि मला नऊ? सासुरवाडीला तोंड कसं दाखवू?”

चिटणीस घोरपड खाकरली. “राधक्कांचं म्हणणं रास्त आहे. चिठ्ठीवर चाळीस आणि बल्ब दोनशेचा, हे नियमात बसत नाही.”

राधक्काच्या जिवात जीव आला.

“म्हणून,” घोरपड म्हणाली, “चिठ्ठी बदलू या.”

ठराव एकमताने मंजूर झाला. बंडोबाने जुनी चिठ्ठी फाडली. ‘दोनशे वॅटपर्यंत’ अशी नवी चिकटवली.

“बंडोबा, तुला तरी कळतं ना रे?”

“कळतं की, अक्का. पण पगार बल्ब लावण्याचा मिळतो, कळण्याचा नाही.”

संध्याकाळी बटण दाबलं गेलं. टाळ्या पडल्या. अण्णासाहेब भाषणाला उभे राहिले. पाचव्या वाक्याला गवत तपकिरी झालं. आठव्याला धूर निघाला. भाषण लांबलचक होतं आणि मधे उठणं शिष्टाचारात बसत नव्हतं.

राधक्का घरट्याच्या तोंडाशी ओरडत होती, “उडा रे! पडलात तरी चालेल, उडा!”

शेडने पेट घेतला. पहिलं पिलू धडपडत फांदीवर गेलं. दुसरं त्याच्यामागे. तिसरं भीतीने घट्ट बसून राहिलं. राधक्काने त्याला चोचीने ढकललं. ते दगडासारखं खाली आलं, आणि अस्वलाच्या डोक्यापाशी त्याचे पंख उघडले. वर घरट्याची राख झाली.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. अण्णासाहेबांच्या भुवया जळाल्या होत्या, तरी ते अध्यक्षस्थानी होते. निकाल लागला : ‘शेड दोनशे वॅटची असल्याचे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले असूनही ती जळाली. सबब, दोष शेडचा.’

दुसरा ठरावही झाला : ‘तीन पिलांना मुदतीच्या आठवडाभर आधी उडायला शिकवल्याबद्दल अध्यक्षांचे अभिनंदन.’

आभार मानायला राधक्काचं नाव पुकारलं. ती नव्हती. पलीकडच्या काठावर, जिथे अजून वीज पोहोचली नव्हती, तिथे ती पहिली काडी गुंफत होती.

तात्पर्य : बाळांनो, बल्ब कितीचा लावावा हे शेडवर वाचत बसू नये, आपला हुद्दा पाहावा. आग लागलीच, तर तिला प्रशिक्षण म्हणावं. आणि वर कुणाची लेकरं असतील, तर त्यांनी जरा लवकर मोठं व्हावं.