सभासद क्रमांक एक

सर्जेरावतात्या भाड्याची गाडी ठरवायला आले की आधी माझ्या टेबलावर कार्डं मांडायचे. पत्ते मांडावेत तशी, ओळीनं. साखर कारखान्याचं सभासद कार्ड, पतसंस्थेचं, दूध संघाचं, ज्येष्ठ नागरिक संघाचं, वाचनालयाचं. मग खुर्चीत रेलून म्हणायचे, "बोल. कशावर किती सोडतुयास?"

बारामतीत माझा भाड्याच्या गाड्यांचा धंदा आहे. चार गाड्या, दोन ड्रायव्हर. तात्या जळोचीत आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहतात. "तात्या, वाचनालयाच्या कार्डावर गाडीला सूट कशी द्यायची?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाचनारा मानूस गाडीत गप बसतो. तुझ्या ड्रायव्हरचं डोकं खात न्हाय."

हे तात्या सांगत होते! त्यांना पुण्याला सोडून आलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सुट्टी मागायचा.

उपाय म्हणून मी मूर्खपणानं सभासद योजना काढली. वर्षाची फी भरा, प्रत्येक भाड्यावर दहा टक्के सूट घ्या. तात्या पहिले सभासद. वाटलं, कटकट मिटली. कसली मिटते! आधी निदान मागायचे, आता हक्कानं ओरडायला लागले. "मी गिऱ्हाईक न्हाय, सभासद हाय!" टायरात हवा कमी का? सीटकव्हर मळकं का? सभासदांची वार्षिक सभा कधी? चार गाड्यांची सभा! तेही चार गिऱ्हाइकांसमोर विचारायचे. माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायची.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी दर सोमवारी आणि गुरुवारी गाडी लावली. भवानीनगरहून एका पेशंटला बारामतीच्या दवाखान्यात आणायचं आणि दुपारी परत सोडायचं. स्वतः कधी बसायचे नाहीत. पेशंट कोण म्हणून विचारलं, तर "तुला भाडं मिळतंय न्हवं?" ड्रायव्हरही तोंड उघडेना. दोन महिने झाले आणि तात्या दहाचे वीस टक्के मागायला लागले.

एका बुधवारी माझं डोकं फिरलं.

"ज्यादा फेऱ्या, ज्यादा सवलत," तात्या टेबलावर बोट आपटत म्हणाले. "सहकारात असंच असतं."

"हा सहकार नाही, माझा धंदा आहे!" मी किंचाळलो. "आजपासून तुमचं सभासदत्व रद्द!" आणि त्यांचं कार्ड फाडून टोपलीत टाकलं.

तात्या लालबुंद झाले. वाटलं, आता टेबल उलटं करतात. त्यांनी गुरुवारच्या भाड्याचे पुरे पैसे मोजून ठेवले, "गाडी येळंत जाऊ दे," म्हणाले आणि गेले. भांडले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

गुरुवारी ड्रायव्हर आजारी पडला, म्हणून मीच गेलो. भवानीनगरला एक वाळलेला म्हातारा भिंतीला धरत धरत आला आणि माझ्या शेजारी बसला. शेजारपाजारचे त्यांना आप्पा म्हणत होते.

"कारखान्याची गाडी लय येळंवर असती," आप्पा म्हणाले.

"कारखान्याची?"

"सभासदांना डायलिसिसला फुकट गाडी हाय की. तुमी नवीन दिसताय. पयल्या ड्रायव्हरनंच सांगितलं."

मी गिअर बदलला. घरचं कोणी सोबत नाही का, एवढंच विचारलं.

"थोरला भाऊ हाय जळोचीत, सर्जेराव. माझ्या पोरीच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीवाल्याशी सवलतीवरनं असा भांडला, की गाडीवाला गाडी घिऊन गेला. वऱ्हाड दोन तास उन्हात. व्याह्यानं समद्यांदेखत माझी लाज काढली. म्या थोरल्याला मांडवातनं हाकलला. सा वर्सं झाली. मरीन, पन त्याचं पानी घ्यायचो न्हाय."

दवाखान्याच्या दारात आप्पांना उतरवलं, तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीमागे तात्या उभे होते. मी बघतोय म्हटल्यावर पेपर तोंडापुढं धरला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन बरसलो. "एक शब्द सांगता येत नव्हता? मी काय राक्षस आहे? उद्यापासून एक पैसा घेणार नाही!"

"म्हनूनच न्हाय सांगितलं!" तात्या माझ्याहून मोठ्यानं ओरडले. "मला दया नगं, सवलत पायजे! आन त्याच्या कानावर घालशील तर बघ. गाडीत बसायचा न्हाय त्यो. मरंल, पन बसायचा न्हाय. लय चिडका हाय."

मी तिथंच नवं कार्ड लिहिलं. वीस टक्के. तात्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, खिशात घातलं. मी चपला घालत होतो.

"पुढं बसला का मागं?" त्यांनी विचारलं.

"पुढं."

"मागं बसवू नगंस. ल्हानपनी यष्टीत मागं बसला की वकायचा. समदं माझ्या सदऱ्यावर." मग एकदम माझ्यावर खेकसले, "आन खड्डं बघून चालीव! निसती हाडं ऱ्हायल्यात त्याच्या अंगात."